रिबरवर बॉर्डर ढिली पडते: धागा कोणता, टेन्शन किती?

सुलटउलट (प्रश्न)

मशीन ४.५ मिमी गेजचं, ब्रदर केएच-८६८. त्यावर केआर-८५० रिबर, म्हणजे रिब विणण्यासाठी समोर जोडायचा सुयांचा दुसरा बेड. स्वेटरची खालची बॉर्डर आणि बाह्यांचे कफ विणायचे आहेत. एका बेडवरची साधी वीण व्यवस्थित येते, अडचण फक्त रिबची आहे.

हाताशी तीन धागे आहेत.

पहिला चार पदरी लोकरीचा, १०० ग्रॅममध्ये साधारण ४०० मीटर. साध्या विणीला टेन्शन (टाका किती मोठा हे ठरवणारा डायलचा आकडा) ७ बरोबर बसतं. एक सुलट एक उलट रिब ५ वर विणली तर दिसायला ठीक दिसते, पण ताणून सोडली की पूर्ण मिटत नाही आणि धुतल्यावर आणखी पसरते. ३ वर नेलं की कॅरेज (सुयांवरून फिरवायचा सरकता भाग) मध्येच अडते.

दुसरा कोनवरचा अ‍ॅक्रिलिक, २/३०. एकेरी धाग्याची १/१ रिब जाळीसारखी विरळ दिसते. दुहेरी घ्यावा का, आणि घेतला तर टेन्शन किती?

तिसरा कोनवरचा सुती, जाडीला साधारण तीन पदरी लोकरीएवढा. याची रिब आवळून येतच नाही.

धाग्याची जाडी आणि रिबचा प्रकार यांची सांगड कशी घालायची? टेन्शन ठरवायची काही पद्धत आहे, की दर वेळी अंदाजानेच सुरुवात करायची? शिवाय कधी कधी डाव्या कडेला धाग्याचे मोकळे फास राहतात, त्याचं कारणही हवं आहे.

लॅचसुई

पद्धत आहे. पण ती पटायला रिबमध्ये धागा कुठे जातो ते आधी बघू.

साध्या विणीत धागा एका सुईवरून शेजारच्या सुईवर जातो. रिबमध्ये तो मुख्य बेडवरून रिबरवर आणि रिबरवरून परत मुख्य बेडवर जातो. दोन बेडमधली फट ओलांडायला लागणारा धागा प्रत्येक टाक्याच्या वाट्याला जास्तीचा येतो. कापड मशीनवर असेपर्यंत तो ताणलेला असल्यामुळे रिब घट्ट दिसते. कापड खाली उतरलं की फट उरत नाही, पण धागा तेवढाच राहतो. तो टाक्यात शिरतो आणि टाका सैल होतो. म्हणून साध्या विणीचं टेन्शन रिबला कधीच चालत नाही, आणि मशीनवर असताना रिब कशी दिसते यावरून काहीच ठरवू नये.

१/१ रिबला, म्हणजे दोन्ही बेडवर एक आड एक सुई घेऊन, साध्या विणीपेक्षा साधारण ३ आकडे खाली सुरुवात करा. तुमच्या चार पदरीला साधी वीण ७ वर बसते, तर रिबचा पहिला नमुना ४ वर घ्या. तिथून एकेक ठिपका खाली. डायलवर दोन आकड्यांच्या मध्ये दोन ठिपके असतात, म्हणजे एक ठिपका हा आकड्याचा तिसरा हिस्सा. ५ वरून एकदम ३ वर उडी मारली तर मधल्या पाच जागा निसटतात, आणि बरोबर टेन्शन बहुतेक वेळा तिथेच असतं. ४ च्या आसपास कॅरेज जड वाटायला लागली की त्याच्या एक ठिपका वर थांबा. त्या धाग्याची त्या मशीनवरची सर्वांत घट्ट पण सुरक्षित रिब ती. बॉर्डर आणि कफ तिथेच विणावेत.

आता जाडी. ४.५ मिमी गेजच्या मशीनवर सगळ्या सुया साध्या विणीत चालवायच्या तर चार पदरी धागा मर्यादेजवळ पोचतो. १/१ आणि २/२ रिबला तो चालतो, कारण मध्ये सुया रिकाम्या असतात. दोन्ही बेडवरच्या सगळ्या सुया घेऊन विणायची पूर्ण रिब मात्र त्यात विणू नका. तिथे धागा बराच बारीक लागतो. २/२४ एकेरी २ ते ३ वर, किंवा २/३० दुहेरी ४ च्या आसपास, अशी सुरुवात ठीक.

कोनवरचे आकडे मीटरमध्ये बदलून घेतले की गोंधळ उरत नाही. २/३० मेट्रिक म्हणजे दोन पदर, एका ग्रॅमला ३० मीटर भरणारा एकेक पदर. ३० भागिले २, म्हणजे एका ग्रॅमला १५ मीटर आणि १०० ग्रॅमला १५०० मीटर. दुहेरी घेतला की ७५०, तिहेरी घेतला की ५०० मीटर. २/२४ चे १०० ग्रॅमला १२०० मीटर, दुहेरीचे ६००. तुमच्या चार पदरीचे ४००. यावरून लगेच कळतं की एकेरी २/३० हा चार पदरीच्या जवळजवळ चौथा हिस्सा जाडीचा आहे. एक आड एक सुईच्या रिबमध्ये तो जाळीसारखा दिसणारच. १/१ साठी दुहेरी घ्या आणि २ ते ३ च्या दरम्यान बघा. अंगावर भरीव हवी असेल तर तिहेरी, मग ३ ते ४.

सुती कोनवर आकडे उलट क्रमाने दिसले, म्हणजे ३०/२ वगैरे, तर तो बहुधा इंग्रजी सुती नंबर असतो. त्याला १.६९ ने गुणलं की मेट्रिक मिळतो. ३०/२ सुती म्हणजे १०० ग्रॅमला सुमारे २५४० मीटर. २/३० मेट्रिकपेक्षा तो खूपच बारीक, दोन्ही सारखे समजून वापरले की नमुना बिघडतो.

धागा जाड आहे की नाही याची झटपट चाचणीही आहे. एक सुई पुढे काढून हुकात धागा दुहेरी करून ठेवा आणि बोटाने लॅच, म्हणजे हुकाची मिटणारी जीभ, मिटवा. लॅच धाग्याला न दाबता पूर्ण मिटली तर १/१ ला हरकत नाही. दुहेरीवर अडत असेल तर तो धागा या गेजच्या रिबरला जाड आहे, टेन्शन वाढवून उपयोग नाही.

पीळ आणि पदर

लॅचसुई यांचं बहुतेक सगळं पटतं. "३ आकडे खाली" या नियमाबद्दल मात्र सावध करतो. त्या नियमाने फक्त सुरुवात कुठे करायची ते कळतं. डायलचे आकडे म्हणजे मोजमाप नव्हे. दोन मशीनचं ४ सारखं नसतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे एकाच मशीनवर मुख्य कॅरेजचं ४ आणि रिबर कॅरेजचं ४ सारखं असेलच असं नाही. रिब ढिली असल्याची अर्धी प्रकरणं इथली असतात. एक बेड घट्ट विणतो, दुसरा सैल. सैल बाजूचे उभे खांब फुगतात, रिब एका अंगाला कलते आणि मिटत नाही. माणूस दोन्ही टेन्शन एकत्र खाली नेत राहतो, आणि घट्ट बाजूला कॅरेज अडते. तुमची ५ वर ढिली आणि ३ वर अडते ही तक्रार तशीच वाटते.

तपासायला गोल वीण घ्या, म्हणजे एक ओळ एका बेडवर, पुढची दुसऱ्यावर, अशी नळी. दोन्ही कॅरेज एकाच आकड्यावर, समजा ५ वर, ५० सुया, दोन्ही बाजूंना ३० ओळी. नळी उतरवा, दोन्ही कडांच्या घड्या कात्रीने कापा म्हणजे दोन सुटे तुकडे होतील. दोन्हींच्या मधल्या भागातल्या दहा दहा ओळी उसवा. प्रत्येक धाग्याच्या टोकाला एकच चिमटा लावून लटकवा, म्हणजे कुरळेपणा सगळ्यांचा सारखाच निघेल, आणि लांबी मोजा. दहांची सरासरी काढा. मुख्य बेडची आणि रिबरची सरासरी दोन-तीन टक्क्यांच्या आत असेल तर छान. जास्त फरक असेल तर रिबरचा डायल एक ठिपका हलवून पुन्हा मोजा. एकदा जुळलं की "रिबर मुख्यपेक्षा दोन ठिपके खाली" असं कागदावर लिहून मशीनला चिकटवून ठेवा. हा फरक त्या जोडीपुरता बराच टिकतो. सुया किंवा कॅरेज बदलली तर पुन्हा मोजायचा.

याच पद्धतीने चांगल्या जमलेल्या रिबच्या एका टाक्याला किती धागा लागला तेही नोंदवता येतं. पुढे दुसऱ्या मशीनवर तोच धागा आला तर आकडा न बघता लांबी जुळवायची. टेन्शनबद्दल बोलायचं तर टाक्यातल्या धाग्याची लांबी हीच खरी गोष्ट. डायल फक्त ती लांबी बदलायचं साधन आहे.

कापडाच्या एका टोकाला रिब घट्ट आणि दुसऱ्या टोकाला सैल असेल तर टेन्शनला हात लावू नका. दोन बेडमधली फट एका बाजूला जास्त आहे. पिच लिव्हर पी वर ठेवा. डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे मुख्य बेडची एकेक आणि तिच्या समोरची रिबरची एकेक सुई हाताने पुढे काढा. तिन्ही ठिकाणी सुया अगदी समोरासमोर आल्या पाहिजेत आणि बेडमधलं अंतर सारखं दिसलं पाहिजे. मग लिव्हर एच वर नेऊन बघा, रिबरची सुई दोन मुख्य सुयांच्या बरोबर मध्ये यायला हवी. कुठे फरक दिसला तर त्या बाजूच्या ब्रॅकेटचे स्क्रू सैल करून रिबर सरळ करायचा.

मुख्य बेडची स्पंजपट्टी (सुया दाबून धरणारी) चपटी झाली असेल तर सुया वर उठतात आणि रिबमध्ये मुख्य बेडचे टाके निसटतात. साध्या विणीत हे लवकर लक्षात येत नाही, रिबमध्ये येतं. पट्टी बाहेर काढून बघा. स्पंज चपटा होऊन लोखंडाला चिकटल्यासारखा झाला असेल तर आधी ती बदला, टेन्शनचे प्रयोग नंतर.

कोनवाला

तंतूबद्दल थोडं, कारण सुताचा प्रश्न अजून तसाच राहिला आहे.

रिब मिटते ती सुलट आणि उलट खांबांच्या सीमेवर धागा वाकलेला असतो म्हणून. ताणलं की तो वाक उघडतो. सोडल्यावर परत वाकायचं काम धाग्याच्या अंगच्या लवचिकपणाचं. लोकरीचा तंतू मुळातच कुरळा, तो परत येतो. सुती, लिनन, बांबू, व्हिस्कोस यांच्यात तो गुण फार थोडा. म्हणून सुताची रिब कितीही मेहनत घेतली तरी लोकरीच्या रिबसारखी आवळणार नाही. हे मान्य करूनच आखणी करायची.

सुतासाठी जे करता येतं ते असं. चालेल तितकं घट्ट विणा, लोकरीपेक्षा निदान एक-दोन ठिपके खाली. ते जमावं म्हणून धागा थोडा बारीक घ्या, जाड सूत घट्ट विणता येतच नाही. बॉर्डरच्या सुया अंगाच्या सुयांपेक्षा साधारण दहा टक्के कमी घ्या आणि अंग सुरू करताना त्या वाढवून घ्या. रिबची उंची कमी ठेवा, सुताची उंच बॉर्डर खाली लोंबते. खूपच आवळून हवी असेल तर बारीक इलॅस्टिकचा धागा सुताबरोबर चालवा. पण मास्टच्या (धागा वरून आणणाऱ्या दांड्याच्या) दुसऱ्या मार्गाने, आणि जवळजवळ ताण न देता. इलॅस्टिक ताणलेलं गेलं तर कफ हातात शिरणार नाही, आणि ताण ओळीगणिक बदलला तर आडवे पट्टे उठतील.

सुताला मेण हवंच. मास्टवरच्या ताणचकतीखाली मेणाची वडी ठेवून धागा तिच्यावरून जाऊ द्या, किंवा कोन गुंडाळतानाच मेण लावा. कोरडं सूत हुकातून सरकत नाही. त्याचा अडथळा टेन्शन कमी असल्यासारखा भासतो आणि माणूस टेन्शन उगाच वाढवत बसतो. मेण लावलं की तोच धागा एक आकडा खाली चालतो, असं बऱ्याचदा दिसतं.

अ‍ॅक्रिलिकबद्दल एक कळकळीची सूचना. त्याच्या रिबवर वाफ किंवा गरम इस्त्री अजिबात नको. तंतू मऊ होऊन आहे त्या आकारात बसतो आणि वाक कायमचा जातो. इतक्या मेहनतीने जमवलेली रिब एका इस्त्रीत सपाट होते, मग ती कशानेही परत येत नाही. अंगाला वाफ द्यायची असेल तर बॉर्डर टेबलाच्या कडेबाहेर ठेवा. लोकरीच्या बॉर्डरलाही वाफ न देणंच बरं.

कोनवरचा लोकरीचा धागा तेलकट लागत असेल तर नमुना धुतल्याशिवाय निर्णय घेऊ नका. तेल गेलं की तंतू फुलतो आणि मशीनवर विरळ दिसलेली रिब भरून येते. असा धागा मशीनवर भरीव दिसेल इतका घट्ट विणला तर धुतल्यावर पुठ्ठ्यासारखा कडक होतो. वॉशिंग मशीनमध्ये धुता येणारी, प्रक्रिया केलेली लोकर याच्या उलट, धुतल्यावर वाढते. तिच्या बॉर्डरला एक ठिपका आणखी खाली जा.

गाठीगाठींचा, फासाफासांचा किंवा लांब केसाळ धागा रिबरवर नको. दोन बेडच्या फटीत केस अडकतात आणि एक टाका सुटला तरी तो शोधणं अवघड होतं.

सुलटउलट

मनापासून धन्यवाद. गोल विणीची चाचणी केली. रिबरच्या धाग्याची सरासरी मुख्य बेडपेक्षा सुमारे सात टक्के जास्त आली. रिबर दोन ठिपके खाली घेतल्यावर फरक दोन टक्क्यांच्या आत आला. आता चार पदरी लोकर मुख्य ४, रिबर ३ आणि एक ठिपका, अशी अडथळ्याशिवाय चालते आणि ताणून सोडली की मिटते.

पुढचे प्रश्न. २/२ रिबसाठी सुया कशा लावायच्या? दोन वेगळ्या पद्धती दिसतात. सुरुवातीची कड लाटेसारखी होते. आणि रिबवरून साध्या विणीवर जाताना एक सैल ओळ दिसते, ती कशी टाळायची?

लॅचसुई

२/२ च्या दोन्ही पद्धती बरोबर आहेत, कापड वेगळं येतं.

पहिली: पिच पी वर, मुख्य बेडवर दोन सुया कामात, दोन रिकाम्या; रिबरवर मुख्यच्या रिकाम्या जागेसमोर दोन कामात. एकूण टाके अंगाच्या सुयांइतकेच. हातविणीच्या २/२ सारखी, मऊ आणि थोडी सैल.

दुसरी: पिच एच वर, दोन्ही बेडवर दोन कामात, एक रिकामी. दर तीन सुयांच्या जागेत चार टाके बसतात, म्हणून कापड दाट आणि लवचिक. कफ आणि बॉर्डरसाठी मी हीच सुचवेन. अंग सुरू करताना दर चार टाक्यांतला एक दुसऱ्याबरोबर एका सुईवर जातो, म्हणजे आपोआप तीनवर येतो. टेन्शन साध्या विणीपेक्षा अडीच ते तीन आकडे खाली. पहिल्या पद्धतीत रिकाम्या जागा मोठ्या, त्यामुळे तिथेही तितकंच खाली जाऊन शिवाय एखादा ठिपका कमी करावा लागतो.

दुसऱ्या पद्धतीत एक गोष्ट विसरून चालत नाही. रिबच्या मांडणीत दोन शेजारच्या सुया एकाच बेडवर येतात, आणि तशाच ठेवून पहिली नागमोडी ओळ (दोन्ही बेडवर आळीपाळीने धागा टाकून टाके घालायची) घातली तर टाके नीट गुंतत नाहीत. म्हणून रॅकिंग हँडल (रिबर बाजूला सरकवणारं) एक फेरा फिरवून दोन्ही बेडच्या सुया एक आड एक येतील अशा आणायच्या, टाके घालायचे, गोल ओळी झाल्या की हँडल परत एक फेरा मागे. सुरुवात रॅकिंग ५ वरून केली तर दोन्ही दिशांना जागा राहते.

लाटेसारख्या कडेचं कारण जवळजवळ नेहमी पहिल्या तीन-चार फेऱ्यांत असतं. क्रम असा ठेवा:

१. नागमोडी ओळ: दोन्ही टेन्शन ० वर. धागा फारच जाड असेल तर १. इथे २ किंवा ३ ठेवलं की कड पसरलीच.

२. कंगवा (टाके खाली ओढून धरणारी दात्यांची पट्टी) खालून वर घाला, तार ओवा, वजनं लावा. १०० सुयांच्या रुंदीला दोन्ही टोकांना एकेक आणि मध्ये एक मोठं वजन, सारख्या अंतरावर.

३. गोल ओळी: टेन्शन १ ते २. एक ओळ मुख्य बेडवर, एक रिबरवर. बऱ्याच पुस्तिकांत तीन ओळी सांगतात. तीन घेतल्या तर एका बाजूला दोन होतात आणि कड त्या बाजूला किंचित वळते. दोनवर कड सपाट राहते. चार-पाच घेतल्या तर गोल भाग नळीसारखा फुगतो, आणि लाट दिसते ती त्याचीच.

४. दोन्ही कॅरेजचे लिव्हर साध्या विणीवर, टेन्शन रिबच्या आकड्यावर. पहिल्या दोन रिब ओळी एक आकडा कमी ठेवल्या तर कड आणखी नेटकी येते.

शिवणीचा विचार टाके घालण्याआधीच करा. १/१ मध्ये दोन्ही टोकांच्या सुया मुख्य बेडवर घ्या. मुख्य बेडचे टाके कापडाच्या दर्शनी बाजूला सुलट दिसतात, त्यामुळे दोन्ही कडांना सुलट खांब येतो. दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा टाका शिवणीत गेला की रिब न तुटता पुढे चालू राहते.

पीळ आणि पदर

कडेच्या फासांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. कॅरेज शेवटच्या सुईपलीकडे फार लांब नेऊ नका, ५ सेंमी पुरे. जितकी लांब नेली तितका धागा परत येताना सैल सुटतो, आणि मास्टवरची स्प्रिंग तेवढा ओढून घेऊ शकत नाही. विणताना स्प्रिंगचं टोक जरा खाली झुकलेलं दिसायला हवं. ताठ उभं असेल तर चकतीचा ताण वाढवा, पार वाकून खाली आलं असेल तर कमी करा. फक्त एकाच कडेला फास असतील तर धागा कुठून येतोय ते बघा. कोन मास्टच्या सरळ खाली आणि मागे हवा. बाजूला ठेवला तर एका दिशेला धागा सैल आणि दुसऱ्या दिशेला ताणलेला येतो. नखासारखी छोटी वजनं दोन्ही कडांना लावून दर वीस-पंचवीस ओळींनी वर सरकवत राहा. अशी खाली राहून गेली की कडेचे टाके सुईवर चढून बसतात.

जोडओळ

रिब आणि अंग यांच्यामधल्या सैल ओळीबद्दल.

ती तीन ठिकाणांहून येते, त्यामुळे एकच उपाय करून पूर्ण जात नाही. एक, रिबरचे टाके मुख्य बेडवर उचलताना ताणले जातात. ते सहज उचलता यावेत म्हणून रिबची शेवटची ओळ विणताना फक्त रिबरचं टेन्शन दोन-तीन आकडे वाढवा, मुख्यचं आहे तेच. रिबरचे टाके मोठे होतात, दुहेरी डोळ्याच्या सुईने न ओढता निघतात. ते सगळेच सारखे मोठे असल्यामुळे त्यांची वाढ पुढच्या ओळीत जिरते. याउलट घट्ट टाके ओढून काढले तर शेजारच्या टाक्यांतला धागा ओढला जातो, आणि एक मोठा एक बारीक अशी ओळ दिसते.

दोन, उचलल्यानंतरची पहिली ओळ अंगाच्या पूर्ण टेन्शनवर विणू नका. अंगाचं ७ असेल तर पहिली ओळ ५ वर, दुसरी ६ वर, मग ७. ज्या सुयांवर दोन टाके आहेत त्या पहिल्या ओळीआधी हाताने पुढे काढून ठेवा म्हणजे टाका चुकणार नाही. काढलेल्या सुया साध्या विणीत विणल्या जातील असा होल्डिंगचा लिव्हर तपासून घ्या, नाहीतर त्या तशाच उभ्या राहतील.

तीन, वजनं. रिबरचा जोडदांडा काढून साधा सिंकर प्लेट लावल्यावर कंगव्यावरची सगळी वजनं तशीच ठेवली तर पहिल्या काही ओळी लांब होतात. मधलं वजन काढा, टोकांची हलकी करा. पूर्ण काढून टाकली तर मात्र रिकाम्या सुयांजवळचे टाके उठतात, म्हणून पहिल्या चार ओळी होईपर्यंत थोडं वजन ठेवा.

गळपट्टीला आणखी एक गोष्ट उपयोगी पडते. गळ्याची रिब सगळी एकाच टेन्शनवर विणली तर वरची कड उघडी राहते. जोडाजवळ रिबचं टेन्शन ४ असेल तर दर तीन ओळींनी एक ठिपका कमी करत वर जा, म्हणजे पट्टी आतल्या बाजूला आपोआप लहान होत जाते. पट्टी दुमडून आत शिवायची असेल तर घडीच्या ओळीपर्यंत कमी करत जा, घडीची एक ओळ दोन आकडे जास्त विणा म्हणजे तिथे नीट मोड येईल, आणि मग त्याच क्रमाने ठिपके परत वाढवत उतरा. शेवटी टाके बंद करू नका. टाकाऊ धाग्याच्या आठ-दहा ओळी विणून कापड उतरवा आणि मोकळे टाके एकेक करून आतून शिवा. बंद केलेली कड ताणत नाही, डोकं घालताना पट्टी तिथेच उसवते.

सुलटउलट

जोडओळ, रिबरचं टेन्शन वाढवून उचलणं आणि ५, ६, ७ चा क्रम दोन्ही करून बघितलं, ओळ दिसत नाही. एक विचारायचं राहिलं: गळपट्टीत ठिपके कमी करताना रिबरचा दोन ठिपक्यांचा फरक तसाच ठेवायचा ना?

जोडओळ

हो, दोन्ही डायल बरोबरीने खाली न्यायचे, फरक तोच. फक्त २ च्या खाली गेल्यावर एकदा हात फिरवून बघा. तिथे रिबरची बाजू आधी जड व्हायला लागते. तसं झालं तर रिबर तिथेच थांबवा आणि मुख्य एकच ठिपका आणखी खाली न्या.